संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्क अधिकारी व्हायचंय? मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं मुख्यतः संयुक्त राष्ट्रांतल्या ‘मानवी हक्क अधिकारी’ या पदाबद्दल आहेत. मुलांसाठीची युनिसेफ, निर्वासितांसाठीची यूएनएचसीआर यांच्याकडे पदांची नावं वेगळी असतात (बालसंरक्षण अधिकारी, संरक्षण अधिकारी), पण कामाची जात तीच.

या पदावरचा माणूस दिवसभर नेमकं करतो काय?

ऐकतो, ताडून बघतो आणि लिहितो. त्यातलं लिहिणं सगळ्यात जास्त.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचं कार्यालय जिनिव्हात आहे. डिसेंबर १९९३ मध्ये आमसभेच्या ठरावाने हे पद निर्माण झालं. तिथले अधिकारी ४७ सदस्यदेशांच्या मानवी हक्क परिषदेचं, करार-समित्यांचं (देश मानवी हक्कांचे करार पाळतात का ते बघणाऱ्या) आणि विशेष प्रतिवेदकांचं (एकेका विषयावर किंवा देशावर लक्ष ठेवणारे स्वतंत्र तज्ज्ञ) काम सांभाळतात. म्हणजे मसुदे, टिपणं, सरकारांना जाणारी पत्रं. दुसरा मोठा गट देशोदेशीच्या कार्यालयांत आणि शांतिमोहिमांत असतो, उदाहरणार्थ दक्षिण सुदान, काँगो, अफगाणिस्तान. तिथे गावांत, छावण्यांत, तुरुंगांत जाऊन लोकांना भेटायचं, दवाखान्याचे कागद बघायचे, स्थानिक अधिकाऱ्यांकडून त्यांची बाजू घ्यायची आणि परत येऊन संगणकासमोर बसायचं. एका भेटीमागे त्याच्या दुप्पट वेळ लिखाणात जाईल असं धरून चाला. ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

म्हणजे पीडितांना न्याय मिळवून देतात ना?

नाही. या अधिकाऱ्याला कुणाला अटक करता येत नाही, सोडवता येत नाही, भरपाईचा हुकूम देता येत नाही. नोंद करणं, संबंधित यंत्रणेकडे प्रकरण नेणं, सरकारशी बोलणं आणि गरज पडली तर जाहीर अहवाल देणं, एवढंच त्याच्या हातात. हे समोरच्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सांगावं लागतं. नवखे नेमके इथेच अडखळतात. समोर रडणारी आई असली की तोंडातून ‘बघतो काहीतरी’ निघून जातं, आणि ती पुढची दोन वर्षं त्या ‘बघतो’वर काढते.

मुंबईत अशी नोकरी आहे का?

उच्चायुक्त कार्यालयाचं भारतात कार्यालयच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बहुतेक संस्था दिल्लीत आहेत. मुंबईत युनिसेफचं महाराष्ट्रासाठीचं कार्यालय आहे. त्यामुळे ‘घरी राहून, लोकलने जाऊन’ हे पद मिळण्याची शक्यता नगण्य. मुंबई ही तयारीची जागा आहे, आणि तयारीसाठी याहून चांगली शहरं फार नाहीत.

पी-२, पी-३ म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय पदांच्या पायऱ्या. पी-२ ला साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, पी-३ ला पाच, पी-४ ला सात, पी-५ ला दहा. त्यावर डी-१, डी-२. हे पदव्युत्तर पदवी धरून. नुसती पहिली पदवी असेल तर बहुधा दोन वर्षं जास्तीची दाखवावी लागतात. एनओ-ए पासून एनओ-ई पर्यंतची पदं त्या-त्या देशाच्या नागरिकांसाठी असतात, पगार स्थानिक चलनात. ‘जी’ या मालिकेतली पदं कार्यालयीन साहाय्यकांची.

नवख्यांची पंचाईत अशी की पी-२ च्या जागाच थोड्या असतात आणि त्यांवर पाच-सहा वर्षं अनुभवाचे लोकही अर्ज करतात. बत्तीस वर्षांपर्यंतच्यांसाठी तरुण व्यावसायिकांची स्पर्धा परीक्षा असते, पण त्यात कोणते देश पात्र आहेत ते दरवर्षी ठरतं. भारत त्या वर्षीच्या यादीत आहे का, ते बघूनच अभ्यासाला लागा.

एलएलबी हवंच का?

नाही. कायदा, राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध, समाजकार्य, सगळं चालतं. कायद्याची पदवी असेल तर करारांची भाषा लवकर कळते, हे मात्र खरं. गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, मुंबई विद्यापीठाचा विधी विभाग, देवनारचं टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), कुठूनही सुरुवात होऊ शकते. पाच वर्षांचं बीए-एलएलबी केलं तरी ती पहिलीच पदवी धरली जाते, पदव्युत्तर नव्हे, असं समजून पुढची आखणी करा. आणखी एक: संस्था जागतिक उच्चशिक्षण संस्थांच्या अधिकृत सूचीत असावी लागते. तीन महिन्यांचं ‘ऑनलाइन डिप्लोमा इन ह्यूमन राइट्स’ भिंतीवर छान दिसतं. पदवीच्या रकान्यात त्याला किंमत नाही.

अभ्यासक्रमाबाहेर एक गोष्ट तोंडपाठ हवी: भारत कोणत्या करारांना बांधील आहे. नागरी-राजकीय हक्क आणि आर्थिक-सामाजिक हक्क हे दोन्ही करार १९७९ मध्ये स्वीकारले, वंशभेदविरोधी करार १९६८ मध्ये, बालहक्क १९९२, स्त्रियांविषयीचा १९९३, अपंगांविषयीचा २००७. छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली, पण मंजुरी अजून नाही, म्हणून भारत त्याला बांधील नाही. सही आणि मंजुरी यांतला फरक मुलाखतीत भल्याभल्यांना सांगता येत नाही.

अनुभव मिळवायचा कुठे?

महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅनेलवरचे वकील आणि विधी स्वयंसेवक असतात. आर्थर रोडसारख्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांसाठी काम करणारे गट आहेत. झोपडपट्टी पाडकाम, सफाई कामगार, घरकामगार, स्थलांतरित यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्था आहेत. राज्य मानवी हक्क आयोग सीएसएमटीसमोर हजारीमल सोमाणी मार्गावर बसतो. राष्ट्रीय आयोगाच्या अल्प मुदतीच्या इंटर्नशिपही असतात.

संस्थेचं नाव किती मोठं, यापेक्षा तुम्ही स्वतः काय केलं ते मोजलं जातं. किती जणांच्या मुलाखती घेतल्या, किती अर्ज मसुद्यापासून लिहिले, कोणती आकडेवारी कशी तपासली. मोर्चात होतो, परिषदेत होतो, हा अनुभव नव्हे.

हे काम किती साधेपणाने होऊ शकतं त्याचा मुंबईतलाच दाखला घ्या. पत्रकार शीला बर्से यांनी ११ ते १७ मे १९८२ या दिवसांत मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्से यांनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं, पत्रच याचिका म्हणून दाखल झालं आणि १९८३ च्या निकालाने महिलांच्या कोठड्यांवर महिला पोलीस ठेवण्यापासून अनेक निर्देश निघाले. १५ पैकी ५, ठरावीक तारखा, ठरावीक जागा. ‘अनेक महिलांवर अत्याचार’ असं त्या पत्रात मोघम लिहिलं असतं तर कुणी किती गांभीर्याने घेतलं असतं, विचार करा.

हा अनुभव अर्जात धरला जाण्यासाठी काय जपून ठेवायचं?

लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह अनुभवपत्र. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पदनाम, पूर्णवेळ की अर्धवेळ. संस्था सोडतानाच हे हातात घ्या. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा (एफसीआरए) बदलला. मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली आणि अनेक लहान संस्थांचं कंबरडं मोडलं. संस्थाच उरली नाही तर तुमच्या तीन वर्षांची खात्री द्यायला कुणी राहत नाही. मानधन रोखीत घेतलं असेल तर निदान व्हाउचरच्या प्रती ठेवा.

अर्धवेळ काम अर्धं मोजतात. एकाच काळातल्या दोन नोकऱ्या दोनदा मोजत नाहीत.

फ्रेंच शिकू का?

शिका. इंग्रजी आणि फ्रेंच या संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या (उच्चायुक्त कार्यालय त्याचाच भाग) कामकाजाच्या भाषा, आणि काँगो, माली, हैती यांच्याशी संबंध आला की फ्रेंचशिवाय पान हलत नाही. न्यू मरीन लाइन्सला थिऑसॉफी हॉलमध्ये आलियाँस फ्राँसेज आहे. लक्ष्य बी-२ पातळीचं ठेवा (युरोपीय मोजपट्टीवरच्या सहा पातळ्यांतली चौथी). ‘थोडंफार येतं’ला अर्जात अर्थ नाही. नोकरी सांभाळून शून्यापासून तिथवर पोचायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी सुरू करा. अरबीला तर याहून जास्त भाव आहे.

मराठीचा काही उपयोग?

अर्जात नाही. कामाच्या सवयीत मात्र आहे. त्याबद्दल खाली दुभाषाच्या प्रश्नात बघा.

अर्ज कसा करायचा?

सचिवालयाची सगळी भरती ‘इन्स्पिरा’ या संकेतस्थळावरून होते. तुमचा सुंदर आखलेला सीव्ही तिथे कुणी बघत नाही. त्यांच्याच नमुन्यात प्रत्येक नोकरीचा तपशील भरावा लागतो आणि जोडीला एक पत्र. पहिल्या चाळणीत फक्त जाहिरातीतल्या अटी आणि तुमचे रकाने ताडले जातात. जाहिरातीत ‘मानवी हक्क परिस्थितीचं निरीक्षण व अहवाललेखन’ असेल आणि तुमच्या रकान्यात ‘प्रकल्प समन्वयक, विविध जबाबदाऱ्या’ असेल, तर तुम्ही पाच वर्षं निरीक्षणच केलेलं असलं तरी बाहेर. कामाच्या पहिल्या ओळीतच क्रियापद आणि आकडा टाका: ‘कोठडीतील मारहाणीच्या ४० तक्रारदारांच्या मुलाखती घेतल्या, २६ प्रकरणांत वैद्यकीय कागदांशी पडताळणी केली.’

नावाची भानगड आधीच निस्तरा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पदवीवर आईचं नाव घुसलेलं, पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आणि जुन्या संस्थेच्या पत्रावर माहेरचं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा, बाकीची ‘पूर्वीची नावं’ या रकान्यात भरा. नाहीतर निवडीनंतरच्या पडताळणीत दोन-दोन महिने जातात.

मुदत न्यूयॉर्कच्या रात्री ११.५९ ला संपते. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ असते: उन्हाळी वेळ चालू असताना (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत) ९.२९, एरवी १०.२९. तरीही आदल्या दिवशीच पाठवा. शेवटच्या तासात संकेतस्थळ विरारच्या गाडीसारखं होतं. इतर संस्था वेगळी घड्याळं धरतात, जाहिरातीतली बारीक अक्षरं वाचा.

लेखी परीक्षेत काय विचारतात?

बहुधा एक काल्पनिक प्रकरण देतात: दोन साक्षी, एक वर्तमानपत्रातली बातमी, सरकारचा खुलासा, आणि त्यावरून दीड-दोन तासांत वरिष्ठांसाठी टिपण. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं. जे ठाऊक आहे, जे कुणीतरी म्हटलंय आणि जे ठाऊक नाही, हे तीन ढीग तुम्ही वेगळे ठेवता का, एवढंच तपासणारा बघतो.

मराठी वर्तमानपत्री सवय इथे नडते. ‘पोलिसांनी त्या युवकाला अमानुष, निर्घृण मारहाण केली’ या वाक्यात माहिती जवळजवळ नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘१४ तारखेला रात्री ११ च्या सुमारास साध्या वेशातल्या तिघांनी लाकडी काठीने दोन्ही पोटऱ्यांवर मारल्याचं त्याने सांगितलं. १७ तारखेच्या केसपेपरवर दोन्ही पोटऱ्यांवर काळेनिळे वळ नोंदवलेले आहेत. पोलीस ठाण्याने मारहाणीचा इन्कार केला आहे.’ विशेषण एकही नाही, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतोच.

मुलाखतीत?

‘असा प्रसंग सांगा जेव्हा…’ अशी सुरुवात असलेले प्रश्न. परिस्थिती, तुमची कृती, निष्पत्ती या क्रमाने तीन-चार मिनिटांत सांगायचं. २०२१ पासून मूल्यांची चौकट बदलली आहे: समावेशकता, सचोटी, नम्रता, मानवता. प्रत्येकीसाठी दोन-दोन प्रसंग लिहून, मोठ्याने बोलून तयार ठेवा.

आपल्या माणसांची इथे एक अडचण होते. ‘मी केलं’ म्हणणं आपल्याला आगाऊपणाचं वाटतं, म्हणून ‘आम्ही केलं’, ‘असं ठरलं’, ‘मग ते झालं’. समितीला मात्र तुम्ही नेमकं काय केलं तेच हवं असतं. इंग्रजी बोलतानाही हा ‘आम्ही’ हटत नाही, म्हणून सराव करताना रेकॉर्ड करून ऐका.

साक्ष प्रत्यक्षात कशी घेतात?

समजा कोठडीत मुलाचा मृत्यू झालाय आणि बाप समोर आहे. जागा आधी: एकांत, दार दिसेल अशी त्याची खुर्ची, पाणी, रुमाल. शेजारचे, नगरसेवकाचा माणूस, ‘समाजसेवक’ या सगळ्यांना नम्रपणे बाहेर. मग ओळख, काम काय, काय करू शकत नाही, माहिती कुठे वापरली जाऊ शकते आणि त्यातून त्याला कोणता धोका आहे. संमती एकच नसते. बोलायची वेगळी, लिहून घ्यायची वेगळी, नाव उघड करायची वेगळी, सरकारला कळवायची वेगळी. प्रत्येकीला हो किंवा नाही स्वतंत्र लिहायचं. मधेच तो उठून गेला तरी त्याचा हक्क आहे.

पहिला प्रश्न मोकळा: ‘त्या दिवसाबद्दल सांगा.’ आणि मग गप्प. अर्धा तास लागला तरी मधे बोलायचं नाही. तारखा जुळवणं दुसऱ्या फेरीत, बारकावे तिसऱ्या फेरीत. सूचक प्रश्न टाळायचे. ‘काठीनेच मारलं ना?’ नाही, तर ‘कशाने?’

वेळ विचारायची हातोटी असते. किती वाजले होते हे फार थोड्यांना आठवतं, पण नळाला पाणी आलं होतं का, मशिदीत मगरीबची अजान झाली होती का, बायको दुसऱ्या पाळीवरून परतली होती का, हे आठवतं. पाणी संध्याकाळी पाच ते सातच येतं हे वस्तीत दुसऱ्या कुणाकडून तपासता येतं, आणि ‘पोरगा पाणी भरत होता तेव्हा उचलला’ या वाक्याला घड्याळ मिळतं.

हे घड्याळ महत्त्वाचं का? कारण उचलल्याची वेळ आणि ठाण्याच्या नोंदीतली अटकेची वेळ यांत अनेकदा दरी असते. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेपासून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करायला हवं. कागदावर अटक उशिरा दाखवली की २४ तास उशिरा सुरू होतात. मारहाणीचा आरोप पुष्कळदा नेमका त्या दरीतला असतो. कोठडीतल्या मृत्यूत आणखी काय बघायचं: राष्ट्रीय आयोगाला २४ तासांत कळवलं का, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खालची दंडाधिकाऱ्यांची चौकशी सुरू झाली का, शवविच्छेदनाचं चित्रण झालं का.

जखमांबद्दल तुम्ही डॉक्टर नाही हे विसरू नका. छळाच्या खुणा कशा तपासायच्या हे सांगणारी मार्गदर्शिका, इस्तंबूल प्रोटोकॉल (१९९९, सुधारित २०२२), डॉक्टरला पाच पायऱ्या देतो, ‘वर्णनाशी जुळत नाही’ पासून ‘दुसऱ्या कशाने होऊच शकत नाही’ पर्यंत. तळपायावर मारलेलं काही आठवड्यांनी दिसतही नाही. म्हणून वळ नाहीत यावरून मारलं नाही, असं कधीही लिहू नका.

शेवटी बापाला विचारायचं की आता घरी गेल्यावर कोण काय विचारेल, तो काय सांगेल, आणि काही घडलं तर तुम्हाला कसं कळवेल. हे न करता निघून येणं ही या कामातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. किंमत तुम्ही नाही, तो मोजतो.

दुभाषा घ्यायचा की भाषा शिकायची?

बहुतेक वेळा दुभाषाच. तो बाजूला बसतो, ‘मी’ या प्रथमपुरुषातच बोलतो, स्वतःकडून काही गाळत नाही. घरचा माणूस, शेजारी, पोलीस दुभाषा म्हणून कधीच नको.

भाषांतरात काय सांडतं ते आपल्या भाषेतच बघा. ‘माझ्या पोराला मारलं’ यात मारहाणही आहे आणि जीव घेणंही. ‘उचललं’ला अटक म्हणायचं की बेकायदा ताबा? आणि मुंबईत ‘मामा घेऊन गेले’ असं कुणी म्हणालं तर ते आईचे भाऊ की हवालदार, हे विचारल्याशिवाय परक्याला कसं कळणार? ज्याने आपल्या भाषेतले असे खड्डे पाहिलेत तो दक्षिण सुदानातल्या नुएर किंवा अफगाणिस्तानातल्या दारी भाषेच्या दुभाषाला ‘त्या शब्दाचा आणखी काही अर्थ होतो का?’ असं विचारायला विसरत नाही. मराठीचा उपयोग म्हटला तो हा.

माहिती ‘खरी’ केव्हा धरतात?

न्यायालयासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. ‘मानायला वाजवी आधार’ ही नेहमीची पातळी. त्यासाठी स्वतंत्र स्रोत हवेत. पाच जणांनी एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवरून ऐकलेलं असेल तर तो एकच स्रोत.

व्हॉट्सअॅपवरून फोटो नेहमीसारखा आला की वेळ-ठिकाणाची अंतर्गत माहिती गळून जाते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, मिळाल्याबरोबर तिचं हॅशमूल्य (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारी अक्षर-आकड्यांची खूण) काढून नोंदवा, काम प्रतीवर करा. डिजिटल पुराव्यासाठी २०२० चा बर्कले प्रोटोकॉल आणि संशयास्पद मृत्यूंसाठी २०१६ चा मिनेसोटा प्रोटोकॉल, दोन्ही फुकट मिळतात. नोकरी लागण्याआधीच वाचून काढा.

मोजदादीत एक मुंबई छाप सापळा आहे. पाडकामात ‘१२० घरं गेली’ म्हणजे दारं मोजली की चुली? खाली मालक, पोटमाळ्यावर भाडेकरू, दार एक आणि कुटुंबं दोन, आणि पालिकेच्या यादीत बहुधा मालकच. आर्थिक-सामाजिक हक्क समितीचं १९९७ चं सामान्य निरीक्षण क्रमांक ७ (कराराचा अर्थ उलगडणारं टिपण) लोकांना घरातून सक्तीने काढताना वाजवी आगाऊ सूचना मागतं, आणि रात्री किंवा खराब हवामानात कारवाई नको असं म्हणतं. म्हणून नोटिशीची तारीख, तिची भाषा, कारवाई सुरू झाल्याची वेळ आणि त्या दिवशीचा पाऊस, या चारही गोष्टी पहिल्याच पानावर.

इंटर्नशिपला पैसे मिळतात का?

सचिवालयात आणि उच्चायुक्त कार्यालयात नाही. जिनिव्हाचं भाडं, विमा, प्रवास, सगळं आपलं आपण. शेवटच्या वर्षात किंवा पदवीनंतर वर्षभरात असाल तर अर्ज करता येतो, मुदत दोन ते सहा महिने. युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना विद्यावेतन देतात. कर्ज काढून जिनिव्हाला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. त्या पैशांत फ्रेंच होतं.

यूएन स्वयंसेवक हा मार्ग कसा आहे?

मध्यमवर्गीय मुंबईकरासाठी बहुधा सर्वात व्यवहार्य. नाव स्वयंसेवक असलं तरी दरमहा निर्वाहभत्ता आणि विमा मिळतो, काम अधिकाऱ्याचंच असतं आणि हा काळ पुढे अनुभवात धरला जातो. १८ ते २६ युवा स्वयंसेवक, २७ च्या पुढे तज्ज्ञ. नोंदणी करून प्रोफाइल पूर्ण ठेवा, आणि जिथे कुणी जायला तयार नसतं अशा जागा आधी बघा.

पगार आणि कर?

आंतरराष्ट्रीय पदांना डॉलरमधला मूळ निव्वळ पगार आणि त्या शहराच्या महागाईनुसार जुळवणी भत्ता. वर्षाला ३० दिवस रजा, निवृत्ती ६५ व्या वर्षी. कर्मचाऱ्याच्या वेतनावर भारतात आयकर लागत नाही, पण ‘सल्लागार’ म्हणून करार असेल तर तो कर्मचारी नव्हे आणि ही सवलत त्याला मिळत नाही. पुष्कळ जणांना हे नोटीस आल्यावर कळतं. करारावर सही करण्याआधी सीएला विचारा.

घरच्यांना नेता येतं का?

ठिकाणावर अवलंबून. कार्यस्थळांची खडतरपणानुसार एच (मुख्यालयं आणि तशीच सोयीची शहरं), आणि ए ते ई (ई सर्वात खडतर) अशी वर्गवारी आहे. काही ठिकाणं ‘कुटुंबाविना’ म्हणून जाहीर असतात. मानवी हक्कांची बरीच पदं नेमकी तिथेच. फार कठीण जागी ठरावीक आठवड्यांनी विश्रांती रजा मिळते. म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी एकट्यावर असेल तर हा हिशेब अर्जाआधी करायचा, नेमणूकपत्र आल्यावर नाही.

भारतातल्या प्रश्नांवर काम करता येईल?

आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्याला सहसा स्वतःच्या देशावर ठेवत नाहीत, तटस्थतेसाठी आणि त्याच्या घरच्यांच्या सुरक्षिततेसाठीही. मतदान करता येतं, पण पक्षीय काम, प्रचार, फेसबुकवरची राजकीय हाणामारी हे सगळं बंद. जुन्या पोस्टही तपासल्या जातात असं समजून वागा.

माझ्यावरच अन्याय झालाय. तक्रार कुठे करू?

राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडे, घटनेपासून एका वर्षाच्या आत. नंतर आयोग दखल घेऊ शकत नाही. नागरी-राजकीय हक्कांच्या कराराला व्यक्तिगत तक्रारींसाठी वेगळा जोड-करार (प्रोटोकॉल) आहे, त्यात भारत नाही, म्हणून त्या कराराच्या समितीकडे जाता येत नाही. विशेष प्रतिवेदकांना मात्र लिहिता येतं, देशातले उपाय संपलेले नसले तरी. पीडिताची संमती लागते. ते सरकारला पत्र लिहितात, निकाल देत नाहीत.

दादरच्या एका एजंटने तीन लाखांत ‘यूएन जॉब’ची हमी दिली आहे…

फसवणूक आहे. अर्ज, परीक्षा, मुलाखत, प्रशिक्षण, यांपैकी कशासाठीही संयुक्त राष्ट्रं पैसे घेत नाहीत. सायबर हेल्पलाइन १९३०.

सध्या भरती चालू आहे का?

हात आखडलेला आहे. सदस्यदेशांची थकबाकी, २०२५ मधली देणग्यांतली कपात आणि त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालेला ‘यूएन-८०’ हा काटकसरीचा कार्यक्रम यांमुळे जागा गोठल्या, पदं रद्द झाली. एवढ्याच एका नोकरीवर आयुष्य लावू नका. वकिली, संशोधन, संस्थेतलं काम चालू ठेवून अर्ज करत राहा. मुलाखतीत पात्र ठरून जागा मिळाली नाही तरी नाव राखीव यादीत जातं आणि पुढच्या तशाच पदासाठी तिथून थेट निवड होऊ शकते.

सतत असं ऐकून माणूस खचत नाही का?

खचतो. झोप उडणं, घरच्यांशी तुटक बोलणं, किंवा उलट, कशाचंच काही न वाटणं. दिवसाला सविस्तर मुलाखती दोन, फार तर तीन. त्यापुढे कानही थकतात आणि नोंदीही बिघडतात. समुपदेशन मोफत असतं, आणि ते वापरल्याने बढती अडत नाही.

निवड झाल्यावर निघेपर्यंत काय-काय?

संदर्भ आणि पदव्यांची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, बीसेफ हे ऑनलाइन सुरक्षा प्रशिक्षण, अनेक ठिकाणी त्यानंतर चेकपोस्ट, अपहरण, प्रथमोपचार यांचा सराव देणारं प्रत्यक्ष प्रशिक्षण. तीन-चार महिने सहज जातात. नेमणूकपत्र हातात येईपर्यंत आत्ताच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस लागते. ती सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयात मिळते, प्रमाणपत्र टोचल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. ते पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. परतताना नसेल तर मुंबईच्या विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात नेतात, घर अंधेरीला असलं तरी.